रक्ताला दोष देण्याआधी ड्रॉपर तपासा

प्रश्न : मी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीचं, म्हणजे किती फिक्या मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी फुटतात ते पाहण्याचं, प्रात्यक्षिक आम्ही १२ नळ्यांच्या, थेंब मोजायच्या पद्धतीने करतो. माझ्याच रक्तावर मी ते तीनदा केलं. तिन्ही वेळा ०.८८ टक्के मिठाच्या नळीतलं वरचं पाणी किंचित गुलाबी झालं, ०.५६ ला पेशी फुटू लागल्या आणि ०.४० ला सगळ्या फुटल्या. मैत्रिणीने तिच्या रक्तावर केलं तेव्हा ०.४८ आणि ०.३६ आलं. स्फेरोसायटोसिस या तांबड्या पेशी गोल होण्याच्या आजारात आकडे असे वर सरकतात असं पुस्तकात वाचलं, तेव्हापासून झोप नाही. मला तो आजार असेल का? माझी पद्धत अशी : एका ड्रॉपरने १ टक्का सलाईन, दुसऱ्या ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटर, मग रक्ताचा एक थेंब, मग नळी उलटीपालटी करून मिसळणं आणि तासभर थांबणं. आणखी एक शंका आहे. १.८ टक्के युरियाचं द्रावण गणिताने रक्ताच्या जवळपास सारखंच येतं, तरी त्यात पेशी काही सेकंदांत फुटल्या. असं का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : इतक्यात घाबरू नका. पद्धत क्रमवार लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण त्या दोन ओळींत दोन चुका स्पष्ट दिसतात, आणि तुमचे तिन्ही आकडे त्या दोन चुकांनीच येऊ शकतात. चाचणी तीनदा केलीत, पण तिन्ही वेळा ड्रॉपर तेच आणि क्रमही तोच, त्यामुळे चूकही तिन्ही वेळा तीच झाली.

आधी ०.८८ ची नळी. स्फेरोसायटोसिसमधल्या नाजूक पेशीसुद्धा ताज्या रक्तात या नळीत बहुतेक शाबूत राहतात. तिथे गुलाबी रंग आला की तो द्रावणाच्या तीव्रतेने आलेला नाही असं धरून शोध सुरू करायचा. डिस्टिल्ड वॉटर १ टक्का सलाईनपेक्षा हलकं असतं. तुम्ही आधी २२ थेंब सलाईन सोडलं आणि त्यावर ३ थेंब पाणी. पडताना थोडं मिसळतं, पण बरंचसं पाणी पातळ थर होऊन वर राहतं. रक्ताचा थेंब पहिल्यांदा पडतो तो या थरात. रक्त जड म्हणून थेंब खाली उतरतो, पण वाटेत त्याच्या बाहेरच्या कडेच्या पेशींना जवळजवळ शुद्ध पाणी लागतं आणि त्या तिथल्या तिथे फुटतात. नंतर नळी कितीही नीट उलटीपालटी केली तरी बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन परत पेशीत जात नाही. पुढच्या नळ्यांत पाण्याचा थर जाड होत जातो, म्हणजे हाच दोष तिथे आणखी मोठा होतो.

खात्री करून घ्यायला ०.८८ च्या दोन नळ्या लावा. एकीत सलाईन आणि पाणी आधी नीट मिसळा आणि मग रक्त सोडा. दुसरीत तुमच्या नेहमीच्या क्रमाने करा. पहिलीतलं वरचं पाणी स्वच्छ आणि दुसरीतलं गुलाबी दिसलं, तर प्रश्न मिटला. दोन्ही गुलाबी असतील तर मूळ रक्तच पाहायला हवं. न मिसळलेलं १ मिलिलिटर रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचा प्लाझ्मा पिवळसर असायला हवा. तोच गुलाबी निघाला तर पेशी रक्त काढतानाच फुटल्यात : सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, कातडीवरचं स्पिरिट वाळू दिलं नाही, सुई फार बारीक होती, किंवा सुई न काढता रक्त तिच्यातूनच नळीत दाबून सोडलं. हे शेवटचं फार जण करतात. प्लाझ्मा पिवळा आणि तरीही दोन्ही नळ्या गुलाबी, असं झालं तर नळ्या धुतलेल्या साबणावर संशय घ्या. डिटर्जंट पेशीपटलातली चरबीच विरघळवतो, मग मीठ कितीही बरोबर असो. नव्या, न वापरलेल्या नळीत करून पाहिलं की लगेच कळतं.

आता ०.५६ आणि ०.४० कडे येऊ. तुमची सुरुवात आणि शेवट मैत्रिणीच्या आकड्यांपासून दोन-एक नळ्या सरकलेले आहेत. सगळी रांग एकाच बाजूला सरकली की पहिला संशय द्रावणावर घ्यावा. थेंबांची पद्धत एका गृहीतकावर उभी आहे : सलाईनचा थेंब आणि पाण्याचा थेंब सारख्याच आकाराचे आहेत. तुम्ही दोन ड्रॉपर वापरलेत. एकाचे १ मिलिलिटरला २० थेंब पडतात आणि दुसऱ्याचे २५, असं अगदी सहज होतं. समजा सलाईनचा ड्रॉपर २५ वाला होता, म्हणजे सलाईनचा थेंब पाण्याच्या थेंबाच्या चार पंचमांश. ०.५६ लिहिलेल्या नळीत १४ थेंब सलाईन आणि ११ थेंब पाणी असतं. पाण्याच्या थेंबांच्या मापाने ते सलाईन झालं ११.२ आणि एकूण झालं २२.२, म्हणजे नळीत खरी तीव्रता ०.५० टक्के. ०.४० च्या नळीत १० आणि १५ थेंब. हिशेब केला की खरी तीव्रता येते ०.३५. निरोगी रक्तात पेशी फुटायला सुरुवात होते ०.५० ते ०.४५ च्या दरम्यान आणि ०.३० ते ०.३५ पर्यंत सगळ्या फुटलेल्या असतात. म्हणजे नळीवरची चिठ्ठी चुकीची आणि आतलं रक्त बरोबर, अशी शक्यता पूर्ण आहे.

दोन्ही ड्रॉपरने १ मिलिलिटर पाणी थेंब मोजत मापाच्या नळीत सोडा आणि आकडे लिहून मला नाही, तुमच्या वहीत ठेवा. ते वर्षभर कामाला येतील. ड्रॉपर तिरका धरला तरी थेंबाचा आकार बदलतो, म्हणून तो सरळ उभाच धरायचा. शक्यतो एकच ड्रॉपर धुऊन, सुकवून दोन्हींसाठी वापरा. मीठही एकदा तपासा. उघड्या बाटलीतलं सोडियम क्लोराइड हवेतला ओलावा घेतं. तोलताना १ ग्रॅम भरलं तरी त्यात पाणीही मोजलं जातं आणि द्रावण फिकं होतं.

पण मुळात ०.४५ च्या आसपासच का? ०.८० ला का नाही? हे एकदा नीट समजलं की स्फेरोसायटोसिसचे आकडेही आपोआप समजतात. निरोगी तांबडी पेशी म्हणजे मधे खळगा असलेली चकती. व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, घनफळ सुमारे ९० फेम्टोलिटर (१ फेम्टोलिटर म्हणजे १ घन मायक्रोमीटर), पृष्ठभाग सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर. एवढ्या पृष्ठभागात जास्तीत जास्त किती मावेल? सगळ्यात जास्त गोलात मावतं, आणि १४० चौरस मायक्रोमीटर पृष्ठभागाच्या गोलाचं घनफळ सुमारे १५५ फेम्टोलिटर येतं. पेशी ९० पासून १५५ पर्यंत फुगते तेव्हा पटल ताणलं जात नाही, फक्त खळगा भरत जातो. त्यापुढे मात्र पटलाला जेमतेम ३-४ टक्के ताण सोसतो, आणि मग ते फाटतं.

पुढचं गणित मला स्वतःला फार आवडतं. त्या ९० पैकी पाणी असतं सुमारे ६५. उरलेले २५ हिमोग्लोबिन आणि इतर घन भाग, जो फुगत नाही. पेशी १५५ ची झाली तेव्हा तिच्यातलं पाणी झालं १३०, म्हणजे बरोबर दुप्पट. आतलं पाणी दुप्पट झालं म्हणजे आतली तीव्रता निम्मी झाली, आणि आतबाहेर समतोल साधायचा तर बाहेरची तीव्रताही निम्मी हवी. ०.९० चं निम्मं ०.४५. फुटण्याचा तो आकडा पेशीच्या आकारातूनच येतो.

आता हीच ९० फेम्टोलिटरची पेशी घ्या, पण पटलाचे तुकडे गळून पृष्ठभाग १२५ चौरस मायक्रोमीटरच उरलाय असं समजा. एवढ्या गोलात १३१ फेम्टोलिटर मावतात. पाणी झालं १०६, म्हणजे साधारण १.६३ पट, आणि ०.९० ला १.६३ ने भागलं की ०.५५. स्फेरोसायटोसिसमध्ये पटलाला आतून धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत दोष असतो, पटल थोडंथोडं झडत जातं, आणि पेशी चकतीऐवजी चेंडूसारखी होते. फुगायला जागाच उरत नाही. उलट थॅलॅसेमियात किंवा लोहाच्या कमतरतेत पेशीत माल कमी आणि पटल मात्र ऐसपैस असतं; त्या ०.३० च्या खालीही टिकून राहतात. थॅलॅसेमियाच्या प्राथमिक तपासणीत ०.३६ टक्के बफर्ड (पीएच स्थिर ठेवलेल्या) सलाईनची एकच नळी लावतात ती याच कारणाने : निरोगी रक्त त्यात फुटून नळी पारदर्शक होते आणि मागच्या कागदावरची रेघ दिसते, वाहकाच्या पेशी न फुटल्यामुळे नळी गढूळच राहते आणि रेघ अंधुक दिसते.

एकाच माणसाच्या सगळ्या पेशी एकाच नळीत का फुटत नाहीत, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि वय वाढेल तसं तिचं पटल कमी होत जातं. म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात, तरुण शेवटी.

आता चाचणी पुन्हा करायची ती थेंब सोडून पिपेटने करा. स्टॉक द्रावण १ लिटरचं असं : सोडियम क्लोराइड ९० ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १३.६५ ग्रॅम, आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (दोन रेणू पाण्याचं) २.४३ ग्रॅम. हे थोड्या पाण्यात विरघळवून मग १ लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. याची परासरणी (पाणी ओढण्याची) ताकद १० टक्के मिठाच्या द्रावणाइतकी असते आणि पीएच ७.४ राहतो. नुसत्या मिठाच्या पाण्याचा पीएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घसरतो, आणि पीएच घसरला की पेशी फुगून लवकर फुटतात; फॉस्फेट घालायचं ते यासाठी. स्टॉक दहापट पातळ केला की १ टक्का द्रावण तयार. प्रत्येक नळीत एकूण ५ मिलिलिटर हवं, म्हणून हिशेब अगदी सोपा : हव्या त्या टक्क्याला ५ ने गुणा, तितके मिलिलिटर १ टक्का द्रावण, बाकी डिस्टिल्ड वॉटर. ०.४५ साठी २.२५ आणि २.७५. रांग ०.९०, ०.७५, ०.६५, मग ०.६० पासून ०.३० पर्यंत ०.०५ च्या पायऱ्या, पुढे ०.२०, ०.१० आणि शेवटी नुसतं पाणी. सगळ्या नळ्या आधी मिसळून ठेवा.

रक्त गोठू नये म्हणून ते हेपारिनच्या नळीत घ्या. ईडीटीए किंवा सायट्रेट नको, कारण ते स्वतःच क्षार आहेत आणि पेशींभोवतीची तीव्रता बदलतात. रक्त दोन तासांच्या आत वापरा. वापरण्याआधी हलक्या हाताने फिरवत मिसळा, ते चांगलं लालभडक होईपर्यंत. शिरेतल्या काळसर रक्तात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि त्याने पेशी थोड्या फुगलेल्या असतात. प्रत्येक नळीत ५० मायक्रोलिटर रक्त, पिपेटचं टोक द्रावणात बुडवून सोडायचं, भिंतीवर नाही. लगेच झाकण लावून दोन-तीनदा उलटं करा. हलवू नका, फेस आला की फेसातही पेशी फुटतात. ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा, पुन्हा एकदा मिसळा, मग ५ मिनिटं १२०० ते १५०० जी वर फिरवा. आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) एक नव्हे, तुमच्या यंत्राचा तक्ता पाहून घ्या.

वरचं द्रावण ५४० नॅनोमीटरला वाचा. ०.९० ची नळी शून्य धरा, पाण्याची नळी १०० टक्के, आणि बाकीच्यांची टक्केवारी काढून आलेख काढा. सुरुवात कुठे झाली हे डोळ्यांनी ठरवण्यात दोन माणसांचं एकमत होत नाही. ५० टक्के पेशी ज्या तीव्रतेला फुटतात तो आकडा आलेखावरून काढा. ताज्या निरोगी रक्तात तो ०.४० ते ०.४४५ दरम्यान येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं : तुमच्या रक्ताच्या रांगेशेजारी मैत्रिणीच्या रक्ताची रांग त्याच द्रावणातून, त्याच हाताने, त्याच वेळी लावा. तापमान आणि द्रावण यांचा फरक दोघींना सारखाच लागेल, आणि उरेल तो फरक रक्ताचा असेल. आजवर ही एक गोष्ट तुम्ही केलेलीच नाही. मैत्रिणीने तिच्या ड्रॉपरने केलेली चाचणी तुलनेला चालत नाही.

युरियाची शंका तुम्हाला पडली याचा फार आनंद झाला, कारण पुष्कळ जण समऑस्मोटिक (कणांची संख्या सारखी) आणि समपरासारी (ज्यात पेशी फुगत-आकसत नाही) हे शब्द एकच समजून पास होतात. गणित तुमचं चोख आहे. युरियाचा रेणुभार ६०, म्हणजे १.८ टक्के द्रावणात लिटरला ३०० मिलिमोल. ०.९ टक्के सलाईनमध्ये १५४ मिलिमोल सोडियम आणि तितकंच क्लोराइड, एकूण ३०८. कण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. फरक असा, की सोडियम बाहेर राहतं आणि युरिया आत जातो. सोडियम थोडंफार आत झिरपलं तरी पटलातला पंप ते परत बाहेर टाकतो, दर फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. युरियासाठी मात्र पटलात खास वाट आहे. युरिया आत शिरला की आतले कण वाढतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. पाण्यासाठी ॲक्वापोरिन नावाची वाहिनी असल्यामुळे ते क्षणात शिरतं. ही वाहिनी तांबड्या पेशींच्या अभ्यासातूनच हाती लागली आणि त्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. युरिया आतबाहेर सारखा झाला की बाहेरून पाणी रोखून धरणारं काहीच उरत नाही. पेशीच्या दृष्टीने ते द्रावण डिस्टिल्ड वॉटरच झालं.

युरिया विषारी आहे म्हणून पेशी फुटल्या असं कुणी म्हणालं तर त्यांना हा प्रयोग दाखवा : ०.९ टक्के सलाईनमध्येच १.८ टक्के युरिया घाला आणि त्यात रक्त सोडा. पेशी क्षणभर आकसतील, मग पूर्वीसारख्या होतील आणि टिकतील, कारण बाहेर आता सोडियम आहे. नळीमागे छापील कागद धरा. पेशी शाबूत असतात तेव्हा द्रव गढूळ लाल दिसतो आणि अक्षरं दिसत नाहीत. फुटल्या की द्रव तितकाच लाल पण काचेसारखा होतो आणि अक्षर न् अक्षर वाचता येतं. नुसत्या युरियाच्या नळीत ही अक्षरं कशी उमटतात ते घड्याळ लावून पाहा. युरियाची ती वाट म्हणजे किड रक्तगटाचं प्रथिन. ते नसलेल्या फार विरळ लोकांच्या पेशी २ मोलर युरियातही बराच वेळ तग धरतात, आणि असे दाते शोधायला हीच चाचणी वापरतात.

वॉर्डमध्ये काम करायला लागाल तेव्हा हेच दुसऱ्या रूपात भेटेल. ५ टक्के डेक्स्ट्रोज बाटलीत जवळपास समऑस्मोटिक असतं, पण त्यात क्षार नाहीत आणि ग्लुकोज हळूहळू पेशीत जातं. रक्ताच्या पिशवीबरोबर ते एकाच नळीतून गेलं तर पेशींच्या गुठळ्या होतात, त्या फुगतात आणि फुटतात. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, ते पिशवीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटवर मात करून रक्त गोठवू शकतं. म्हणून रक्ताच्या सेटला फक्त ०.९ टक्के सलाईन जोडतात.

शेवटी तुमच्या काळजीबद्दल. शेजारी-शेजारी लावलेल्या दोन रांगांत तुमचा ५० टक्क्यांचा आकडा मैत्रिणीइतकाच आला, तर हा विषय सोडून द्या. पुन्हा स्पष्ट वर आला, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जा आणि दोन्ही आलेख बरोबर न्या. ते आधी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) पाहतील : मधला फिकटपणा हरवलेल्या, लहान, गडद, गोल पेशी दिसतात का. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) एमसीएचसी, म्हणजे पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी, ३६ च्या वर आहे का, रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी) वाढलेत का, बिलिरुबिन किती आहे, हे विचारतील. घरात कुणाला वारंवार कावीळ, कमी वयात पित्ताशयाचे खडे किंवा वाढलेली प्लीहा आहे का, हे आधीच विचारून ठेवा. पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी डायरेक्ट कूम्ब्स चाचणीही करावी लागेल, कारण शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडींमुळे होणाऱ्या रक्तक्षयातही पेशी अशाच गोल होतात आणि ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी या दोन आजारांत फरक करू शकत नाही. सौम्य स्फेरोसायटोसिसमध्ये ताज्या रक्ताचे आकडे ठीक येऊ शकतात. तेव्हा रक्त २४ तास ३७ अंशाला ठेवून ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी पुन्हा करतात. त्या वेळी निरोगी रक्ताचाही ५० टक्क्यांचा आकडा ०.४६५ ते ०.५९ इतका वर जातो, हे लक्षात असू द्या, नाहीतर तो तक्ता पाहून पुन्हा झोप उडेल. आणि तुमचं लोह कमी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लोहाच्या कमतरतेने आकडे खाली ओढले जातात, आणि दोन्ही एकत्र असतील तर चाचणी अगदी निरोगी दिसू शकते.